आरशातला शिंपी

आमच्या सिएटलच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिही, असं जोशी काकूंनी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. या अंकात लिहिणारे लोक माझ्याहून मोठे असतात. कुणी हृदयाची ऑपरेशनं केलेली असतात, कुणी पूल बांधलेले असतात. मी चार वर्षं जपानी कॉमिक्समधली अक्षरं पुसली. तेही आता बंद झालं. ज्या छोट्या प्रकाशन संस्थेत मी होते ती गेल्या वर्षी गुंडाळली गेली, आणि आता मी रेडमंडमधल्या निम्म्या लोकांसारखी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "अगं वैशाली, पूल काय, सगळेच बांधतात. तू करत होतीस ते आमच्यात कुणीच केलेलं नाही. तेच लिही." मग नाही म्हणता आलं नाही.

तरी लिहिताना सारखं उठावंसं वाटतंय. दोन वाक्यं झाली की मी चहा ठेवते, आणखी दोन झाली की खिडकीशी जाऊन पार्किंग लॉटमधल्या भिजलेल्या गाड्या बघते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आपलं काम लिहिण्याजोगं असू शकतं, असं मानायची सवय मला घरातून मिळालेली नाही.

परभणीला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथंच असायचे. कापडाच्या चिंध्यांवर बसून, मापं काढायच्या खाकी कागदावर, अण्णांच्या खडूनं चित्रं काढायचे. माणसं जमायची, पण माणसांचे हात जमायचे नाहीत. मग मी सगळ्यांचे हात खिशात किंवा पाठीमागे घालायचे. ही युक्ती पुढे किती वर्षं टिकेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

औरंगाबादला इंजिनिअरिंग करून मी २००१ साली सिएटलजवळच्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरचं एम.एस. करायला आले. पहिल्या हिवाळ्यात मला एका जागी बसवत नसे. लॅबमध्ये पाय हलत राहायचा, घरी आलं की लॅब आठवायची. अशीच एकदा लायब्ररीच्या तळमजल्यावर फिरताना जपानी कॉमिक्सचं कपाट सापडलं. या कॉमिक्सना मांगा म्हणतात. एका पुस्तकात सलग दोन पानं कुणी काही बोलतच नव्हतं. नुसता दरवाजा, दारातल्या चपला, चहाचा कप धरलेले दोन हात. इतकं गप्प पुस्तक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते उभ्यानंच वाचून काढलं आणि पाय हलायचा थांबला, हे नंतर लक्षात आलं.

शिक्षण संपता संपता मला नोकरी लागली ती अशाच पुस्तकांच्या एका छोट्या प्रकाशकाकडे. ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे आमच्या कामाला कायम ड्रिलच्या आवाजाची साथ असायची. मालकाचं नाव डग. उंच, सदा घाईत, टेबलावर नेहमी अर्धं खाल्लेलं सँडविच. त्याला चित्रकार नको होता. त्याला प्रोग्राम लिहिणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून माझी नोकरी व्हिसाच्या नियमात बसली.

काम काय, ते सांगते. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं ते त्यांचं पहिलं. अमेरिकन वाचकाला हे जमणार नाही अशी तेव्हा सगळ्या प्रकाशकांची समजूत होती. म्हणून प्रत्येक पान आरशात दिसावं तसं उलटं करून छापायचे. पान स्कॅन करायचं, त्यावरची डागडुजी करायची आणि उलटवायचं. हे आपोआप करणारा प्रोग्राम मी लिहिला. एक बटण दाबलं की अख्खं पुस्तक कुशीवर वळायचं. मग उरायचं ते हातानं करायचं काम. माणसांच्या बोलण्याच्या फुग्यांमधली जपानी अक्षरं पुसून तिथं इंग्रजी बसवायचं. दार आपटल्याचा, पाऊस पडल्याचा आवाजही जपानीत अक्षरांनी चित्रावरच काढलेला असतो. तो पुसला की चित्राला भोक पडतं. त्या भोकात मूळ चित्रकारानं काय काढलं असतं ते ओळखून भरायचं. कुणाच्या केसांची बट, कुणाच्या भिंतीच्या विटा. चांगलं भरलं तर तुम्ही तिथं होता हे कुणालाच कळत नाही. या कामातली शाबासकी तेवढीच.

मी हे सांगितलं तेव्हा माझी रूममेट मृणाल, जी तोवर इथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती, चमचा हातात धरून बघतच राहिली.

"सीरियसली, वैशू? एम.एस. करून तू कॉमिक्स पुसतेस?"

"पुसत नाही गं, भरते."

"भर, भर. आईबाबांना काय सांगितलंयस?"

"कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून."

"टेक्निकली करेक्ट," ती म्हणाली आणि वरणभात खायला लागली.

उलटवलेल्या पानांमुळे काय काय व्हायचं! बेसबॉल खेळणारा पोरगा पहिल्या बेसऐवजी तिसऱ्या बेसकडे पळायचा आणि आम्हाला ईमेलवर शिव्या यायच्या. डॉक्टर छातीच्या उजव्या बाजूला हृदय तपासायचा. मी पहिल्याच आठवड्यात घाबरत घाबरत म्हटलं, "या पुस्तकातल्या सगळ्या पुरुषांनी बायकांचे शर्ट घातलेत."

डगनं सँडविच खाली ठेवलं. "म्हणजे?"

"पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीवर असतात, बायकांच्या डाव्या. उलटवल्यावर बदलली."

खोलीच्या कोपऱ्यात पाठमोऱ्या बसलेल्या एक बाई मोठ्यानं हसल्या. त्या तोमोको-सान; जपानीत नावापुढे मानानं 'सान' लावतात. आमच्या कामाची शेवटची तपासणी त्या करायच्या. तोक्योत असताना त्या एका नावाजलेल्या चित्रकाराच्या साहाय्यक होत्या. साहाय्यकानं माणसं काढायची नसतात. त्यानं फक्त मागचं काढायचं, इमारती, झाडं, गर्दी. कित्येक वर्षं दुसऱ्याच्या नायकामागचा पाऊस काढल्यावर त्यांना स्वतःची मालिका मिळाली. तिथल्या साप्ताहिकांत वाचक मतं देतात. यांना मतं कमी पडली, मालिका मध्येच बंद झाली, आणि त्या नवऱ्याच्या नोकरीबरोबर इकडे आल्या. हे सगळं त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं, लोणचं फार खारट झालंय असं सांगावं त्या सुरात.

काही महिन्यांनी वारा बदलला. पोरांना उलटवलेली पुस्तकं नको झाली, त्यांना जपानी तशीच्या तशी हवी होती. मग सगळ्यांनीच उजवीकडून छापायला सुरुवात केली. माझा प्रोग्राम पडून राहिला आणि मला फोन घ्यायचं नवं काम लागलं. कारण पुस्तक घेणारी सगळीच पोरं नव्हती. एक आजीबाई दर महिन्याला नातीसाठी पुस्तक घ्यायच्या आणि दर महिन्याला फोन करायच्या.

"हनी, तुमच्या छापखान्यानं पुन्हा पानं उलटी शिवलीत."

"मॅडम, ते तसंच आहे. पुस्तक पालथं करा आणि दुसऱ्या बाजूनं उघडा."

"मी जन्मभर शाळेत शिकवलंय. पुस्तकाचं तोंड कुठं असतं ते मला नको सांगू."

आम्ही शेवटी प्रत्येक पुस्तकाच्या त्या चुकीच्या टोकाला मोठ्या अक्षरात एक सूचना छापायला लागलो की थांबा, तुम्ही शेवटापासून सुरुवात करताय. आजीबाईंना ती सूचनाही उद्धट वाटली.

याच काळात मी स्वतः काढायला लागले. दिवसभर दुसऱ्याच्या चित्रातली भोकं भरली की संध्याकाळी हात शिवशिवायचे. टाक, दौत आणि जाड कागद आणला. तोमोको-सानना दाखवायचं धाडस व्हायला बराच वेळ लागला. मांगा काढणारे आधी पूर्ण गोष्ट कच्च्या रेघांनी, तळहाताएवढ्या पानांवर मांडतात. कुठल्या चौकटीत काय, कुणाचं बोलणं कुठं, पान उलटल्यावर एकदम काय दिसणार. हे पक्कं झाल्याशिवाय खऱ्या कागदाला हात लावायचा नाही. माझी कच्ची पानं तलवारवाल्या मुलींची होती. तोमोको-साननी ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "तुझ्या सगळ्या माणसांचे हात कुठं गेले?"

मला लाज वाटली. इतकी वर्षं झाली, तरी सगळ्यांचे हात पाठीमागेच होते.

त्या परत पानं चाळायला लागल्या. एका बाजारपेठेच्या चित्रात, मागच्या गर्दीत, नखाएवढा एक शिंपी होता. त्यांनी बोट ठेवलं. "याचा हात मात्र बरोबर आहे. पण हा डाव्या हातानं का कापतोय?"

"शिंपी तसंच कापतात," मी म्हटलं आणि म्हणता म्हणता थांबले.

कारण सगळे शिंपी तसं कापत नाहीत. अण्णा कापतात. लहानपणी मला वाटायचं की कात्री ही डाव्या हातात धरायची वस्तू आहे. दुकानात कापायचं टेबल भिंतीला लागून होतं आणि अण्णा गिऱ्हाइकांकडे पाठ करून कापायचे. उजेड तिकडून येतो म्हणून, असं मला वाटायचं. उजेड तिकडून येत नव्हता. तिकडे खिडकीच नव्हती. लग्नाचे कपडे डाव्या हातानं कापलेले काही लोकांना चालत नाहीत, हे मला आत्यानं सांगितलं, मी मोठी झाल्यावर. त्याच वेळी तिनं हसत हसत आणखी एक सांगितलं. लहानपणी अण्णा डाव्या हातानं जेवायला जायचे, म्हणून माझे आजोबा जेवताना त्यांचा डावा हात कापडाच्या पट्टीनं खांबाला बांधायचे. "लई रडायचा," आत्या म्हणाली. अण्णा स्वतः यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला, पैसे द्यायला, प्रसाद घ्यायला त्यांचा उजवा हात बिनचूक पुढे येतो. कात्री मात्र त्यांना कधीच उजव्या हातानं जमली नाही.

तोमोको-सान म्हणाल्या, "तलवारी राहू देत. याचं काढ."

सोळा पानं झाली. पहिल्या पानावर ताट, ताटासमोर एक मुलगा, त्याचा एक हात खांबाला बांधलेला. मग भिंतीकडे तोंड करून कापणारा माणूस आणि त्याच्या पाठीशी बोलणारी गिऱ्हाइकं. मग एक नवरदेव वेळेआधी येतो, आत डोकावतो आणि त्याला तो हात दिसतो. शेवटच्या पानावर टेबल रस्त्याकडे तोंड करून मांडलंय आणि माणूस सगळ्यांसमोर डाव्या हातानं कापतोय. शेवट माझ्या मनचा. खऱ्या दुकानात टेबल अजून भिंतीलाच आहे. असा शेवट करायचा मला हक्क आहे का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पण हात नीट काढले. सगळ्यांचे उजवे, एकाचाच डावा.

डग नव्या चित्रकारांच्या गोष्टींचं एक पुस्तक काढत होता. त्यानं माझी पानं भराभर चाळली, "गुड, गुड" म्हणाला आणि घेतली. मी त्याच संध्याकाळी अण्णांना फोन करून सांगितलं की माझं नाव असलेलं पुस्तक येतंय आणि त्यात तुमचं चित्र आहे. "माझं?" ते म्हणाले. नंतर आईनं सांगितलं की त्यांनी ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

मी ती पानं आपल्यासारखी, डावीकडून उजवीकडे काढली होती. अमेरिकन पुस्तक, अमेरिकन वाचक, असा माझा साधा हिशेब. पण तोवर दुकानांत उजवीकडचीच पुस्तकं खपत होती. डगनं ठरवलं की हे पुस्तकही उजवीकडूनच निघेल, म्हणजे खऱ्या मांगासारखं दिसेल. चित्रकार ओहायोचा असो की परभणीचा. बाकी बहुतेकांनी तसंच काढून दिलं होतं. जी दोन-तीन गोष्टी डावीकडच्या होत्या त्यांच्यासाठी तो मला म्हणाला, "तुझा तो प्रोग्राम आहे ना अजून?"

होता. मी बटण दाबलं. ऑफिसच्या प्रिंटरवर छापून निघालेली माझी सोळा पानं हातात घेतली तेव्हा आधी नुसता आनंद झाला. काळी शाई, पांढरा कागद, माझं नाव. दुसऱ्यांदा चाळताना पाचव्या पानावर थांबले.

अण्णा उजव्या हातानं कापत होते.

आणि बाकी सगळं गाव डावरं झालं होतं. आजोबा डाव्या हातानं घास घेत होते. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर होते. आणि ताटासमोरच्या मुलाचा उजवा हात खांबाला बांधलेला होता, म्हणजे तो शहाण्यासारखा डाव्या हातानं जेवायला मोकळा होता. जगात एकच माणूस उजव्या हाताचा, आणि तो लाजून भिंतीकडे तोंड करून बसलेला. हे मीच केलं होतं, मीच लिहिलेल्या प्रोग्रामनं.

डग कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तो संपेपर्यंत मी दारात उभी राहिले. दोनदा परत जागेवर जाऊन आले. व्हिसाचे माझे पुढचे कागद डगच्या सहीवर अडले होते, त्यामुळे आवाज आणखीच बारीक निघाला.

"हात बदललेत," मी म्हटलं.

त्यानं पानं पाहिली. "त्यात काय, गोष्टीत 'डावा' असं लिहिलंयस तिथं 'उजवा' कर. झालं."

"तसं नाही होत. मग गोष्टच राहत नाही."

"वैशाली, वाचक हात बघत नाहीत. डोळे बघतात." मग माझा चेहरा बघून जरा मवाळ झाला. "हे बघ. अर्धं पुस्तक इकडून आणि अर्धं तिकडून, असं मी नाही छापू शकत. पंधरा दिवसांनी पुस्तक प्रेसला जाणार. तोवर काही करू शकलीस तर कर. नाहीतर असंच जाईल, किंवा मग पुढच्या खंडात."

पुढचा खंड निघेल याची त्याला स्वतःलाही खात्री नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

घरी मृणाल म्हणाली, "यार, पब्लिश होतंय ना? चिल कर. कुणाला कळणारे?"

"अण्णांना."

"त्यांना इंग्लिश येतं?"

"नाही."

"मग? ते वाचणारच नाहीत."

"म्हणूनच," मी म्हटलं. "शब्द कळणार नाहीत. ते फक्त हात बघतील."

 मृणालनं टीव्ही बंद केला, हे मला आठवतं. माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते मी तिला तेव्हा नीट सांगू शकले नाही. आजोबांनी त्यांचा हात बांधला, शाळेनं बदलायला लावला, गिऱ्हाइकांनी लपवायला लावला. आता मुलीनं अमेरिकेत जाऊन पुस्तक छापलं आणि त्यातही तो हात सुधारून दिला, असं त्यांना वाटलं तर? आणि ते फोनवर म्हणणार, "छान झालंय माय." ते तसंच म्हणणार, याची मला खात्री होती.

वाट तोमोको-साननी दाखवली. अख्खं पान उलटवायचं नाही. चौकटी सुट्या कापायच्या. डावीकडची चौकट उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, पण प्रत्येक चौकटीच्या आतलं चित्र आहे तसंच ठेवायचं. वाचायचा क्रम बदलतो, हात बदलत नाही. ऐकायला सोपं. मी ते कॉम्प्युटरवर करू शकले असते. पण मूळ पानांच्या प्रती काढल्या, मोठी कात्री घेतली आणि जमिनीवर बसून कापायला लागले.

अण्णांच्या दुकानात अल्टरचं काम कुणाला आवडायचं नाही. नवा शर्ट शिवणं सोपं. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट उसवून तिसऱ्याच्या अंगावर बसवायचा म्हणजे एक बाजू घेतली की दुसरी ओढते. तसंच झालं. दोन माणसं बोलत असतील तर आधी बोलणारा आता उजवीकडे हवा. माझे सगळे डावीकडे. त्या चौकटी पूर्ण नव्या काढाव्या लागल्या. नवरदेव दुकानाकडे चालत यायचा तो आता दुकानाकडून परत चालल्यासारखा दिसायला लागला. त्यालाही नव्यानं आणला. दिवसा दुसऱ्यांची पुस्तकं, संध्याकाळी माझी. बसमध्ये मांडीवर वही ठेवून समोरच्यांच्या हातांची चित्रं काढायचे, ते लोक जागा बदलायचे. शेवटच्या पानाला काहीच करावं लागलं नाही, कारण तिथं एकच मोठी चौकट होती. तोमोको-साननी एकदा येऊन दुकानासमोरच्या रस्त्यावरची गर्दी काढून दिली. माणसं मी काढली, मागचं त्यांनी. "सवय आहे," त्या म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी डगनं पानं घेतली, हातांकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "ओके. आता दिसतंय." माझ्या कागदांवरही त्याच आठवड्यात सही झाली.

एक चूक राहिलीच. एक चौकट नव्यानं काढताना मी चुकून उलटवलेल्या छपाईवरून काढली. शिलाई मशीनचं चाक उजवीकडे असतं, तिथं ते डावीकडे आलं. पुस्तक छापून आल्यावर दिसलं. शिंप्याच्या मुलीकडून ही चूक व्हावी याचा मला अजून त्रास होतो.

पुस्तक पोस्टानं परभणीला पाठवलं. पोहोचायला बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या रविवारी सकाळी, फोन कार्ड घासून फोन करायचे आणि पुस्तकाचं न विचारता बाकी सगळं विचारायचे. शेवटी एकदा अण्णांनीच विषय काढला. दुकानातूनच बोलत होते, मागे रस्त्याचा आवाज होता.

"बुक आलं माय."

"बघितलंत?"

"चार-पाचदा बघितलं. सगळं बुक हुडकलं तेव्हा सापडलं. दुकान वळखू आलं की." मग म्हणाले, "मशीनचं चाक डावीकडं लावलंस एका जागी."

"चुकलं हो अण्णा."

"असू दे की. तिकडं तसलं मशीन मिळत असलं तर एक धाडून दे. डाव्या हाताला लई बरं पडंल."

मी हसले आणि मग हसता येईना. 'डाव्या हाताला' हे शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. 

मग अण्णाच म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना."

"शेवट असा कामून केलास?"

मला वाटलं, टेबल रस्त्याकडे फिरवलं, ते त्यांना आवडलं नाही. मला तो हक्क नव्हताच. "कसा म्हणजे?" मी विचारलं.

"आधी माणूस झकास लोकांम्होरं बसून कापायलाय. मग कुणीतरी येऊन बघतंय. मग भिंतीकडं तोंड करून बसतोय. अन् शेवटी बारकं लेकरू होतंय, अन् खांबाला बांधल्यालंच राहतंय. आसंच सोडून दिलंस. सोडायचं तरी की त्याला."

मला कळायला दोन क्षण लागले. त्यांनी पुस्तक आपल्या बाजूनं उघडलं होतं. चुकीच्या टोकाला आम्ही छापलेली ती सूचना इंग्रजीत होती. वर्षभर मी त्या आजीबाईंना फोनवर एकच गोष्ट समजावत होते, आणि माझ्या स्वतःच्या वडिलांना सांगायचं मला सुचलं नव्हतं. पंधरा दिवस मी चौकटी इकडच्या तिकडे केल्या आणि त्यांनी सगळं शेवटापासून पहिल्यापर्यंत वाचून, चार-पाच वेळा, त्या मुलाला तिथंच बांधलेला सोडून पुस्तक मिटलं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "पुस्तक पालथं करा. दुसऱ्या बाजूनं उघडा. हे जपान्यांसारखं आहे, तिकडून सुरू होतं. ते लेकरू पहिलं आहे, शेवटचं नाही."

"थांब."

त्यांनी फोन बहुतेक टेबलावर ठेवला. पानांचा आवाज यायला लागला. फोन कार्डची रेकॉर्ड केलेली बाई मध्येच बोलून गेली की एक मिनिट उरलंय. मी फोन दोन्ही हातांनी धरून खोलीत फेऱ्या मारत होते. मृणाल सोफ्यावरून नुसती बघत होती. पान, मग पान. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग परत पान.

मग फोन उचलल्याचा आवाज झाला.

"सुटला गं माय," अण्णा म्हणाले.